गांधीजींचे लंडनमधील आहारप्रयोग

मोहनदास करमचंद गांधी हे बॅरिस्टरीच्या अभ्यासासाठी १८८८ ते १८९१ या काळात लंडनमध्ये राहिले. या सुमारे पावणेतीन वर्षांत त्यांनी शाकाहार व काटकसर यासंबंधी स्वतःवर जे प्रयोग केले, त्यांना त्यांचे लंडनमधील आहारप्रयोग असे म्हटले जाते. आईला दिलेल्या वचनामुळे त्यांनी तेथे शाकाहार पाळण्यास आरंभ केला, वाचनानंतर तो विचारपूर्वक स्वीकारला आणि पुढे दैनंदिन जमाखर्चाच्या सवयीशी त्याची सांगड घातली. अल्प खर्चात जगणे व नीतीने जगणे या दोन गोष्टी त्यांच्या आयुष्यात प्रथम येथे एकत्र आल्या. या काळाची माहिती प्रामुख्याने त्यांच्या 'सत्याचे प्रयोग' या आत्मकथेतून आणि 'द व्हेजिटेरियन' या साप्ताहिकातील त्यांच्या लेखांतून मिळते.

पार्श्वभूमी

गांधीजींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदर येथे वैष्णव कुटुंबात झाला. काठेवाडातील वैष्णव व जैन समाजांत मांसाहार पूर्णतः निषिद्ध होता. तरीही शालेय वयात एका मित्राच्या आग्रहाने त्यांनी चोरून मांस खाल्ले होते. इंग्रज मांसाहारामुळे बलवान झाले आणि त्यांना घालवायचे तर हिंदी लोकांनीही मांस खाल्ले पाहिजे, अशी समजूत त्या काळी तरुणांमध्ये प्रचलित होती. सुमारे वर्षभरात असे पाच-सहा प्रसंग घडले. नंतर त्यांनी ते थांबवले. मात्र त्याचे कारण प्राणिदया हे नव्हते. बाहेर जेवून आल्यावर भूक का नाही, याविषयी आईशी खोटे बोलावे लागे आणि ते त्यांना सहन होईना. आईवडील हयात असेपर्यंत मांस खायचे नाही आणि पुढे स्वतंत्र झाल्यावर उघडपणे खायचे, असा त्यांचा त्या वेळचा निश्चय होता.

विलायतेस जाण्यापूर्वी आई पुतळीबाई यांनी परवानगी देण्यास अनमान केला. तेव्हा बेचरजी स्वामी या जैन साधूंसमोर गांधीजींनी मद्य, मांस व परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा केली. ४ सप्टेंबर १८८८ रोजी त्यांनी मुंबई सोडली. शिक्षणाचा खर्च थोरले बंधू लक्ष्मीदास यांनी उचलला होता. आईला दिलेले वचन आणि भावाचा पैसा ही दोन बंधने घेऊनच ते लंडनला पोहोचले. पुढील सर्व प्रयोगांचे मूळ या दोन बंधनांत आहे.

उपासमारीचा काळ

आरंभीचे महिने कठीण गेले. रिचमंड येथे ज्या मित्राकडे ते प्रथम राहिले, तो त्यांनी मांसाहार करावा म्हणून सतत युक्तिवाद करी. निरक्षर आईपुढे, परदेशातील परिस्थिती ठाऊक नसताना घेतलेल्या शपथेला काय किंमत, असा त्याचा प्रश्न असे. एकदा त्याने बेंथमचा उपयुक्ततावादावरील ग्रंथही वाचून दाखवला. प्रतिवाद करण्याइतके वाचन गांधीजींपाशी नव्हते. युक्तिवाद मान्य असले, तरी वचन मोडता येणार नाही, एवढेच ते सांगत.

 रिचमंडला सकाळी ओटची लापशी मिळे व ती पोटभर होई. दुपारी व रात्री मात्र उकडलेला पालक, पाव आणि मुरंबा एवढेच असे. पावाचे दोन-तीन काप खाल्ल्यावर आणखी मागण्याचा त्यांना संकोच वाटे. नंतर ते वेस्ट केन्सिंग्टन भागात एका विधवा बाईंच्या घरी राहू लागले. तेथेही घराचे पैसे पूर्ण द्यावे लागत आणि भूक अर्धवट राही. शाकाहारी भोजन स्वभावतःच स्वस्त असते ही समजूत येथे खोटी ठरली. ज्या घरात शाकाहारी स्वयंपाकाची रीतच नाही, तेथे केवळ मांस वगळल्याने जेवण निकृष्ट झाले, स्वस्त मात्र झाले नाही.

शाकाहारी उपाहारगृहाच्या शोधात ते दररोज १० ते १२ मैल चालत. एखाद्या स्वस्त खाणावळीत शिरून पोटभर पाव खात, पण समाधान होत नसे. अखेर फॅरिंग्डन स्ट्रीट परिसरात त्यांना असे उपाहारगृह सापडले. दाराजवळच्या काचेच्या कपाटात विक्रीची पुस्तके होती. त्यांतील हेन्री सॉल्ट यांचे शाकाहाराचा पुरस्कार करणारे पुस्तक त्यांनी एक शिलिंगला विकत घेतले आणि मग आत जाऊन इंग्लंडमध्ये आल्यानंतरचे पहिले पोटभर जेवण केले.

वचनाकडून विचाराकडे

हेन्री स्टीफन्स सॉल्ट (१८५१–१९३९) हे ईटन येथील शाळेत शिक्षक होते. ती नोकरी सोडून त्यांनी साधी राहणी व लेखन यांस वाहून घेतले. प्राण्यांच्या हक्कांविषयी पद्धतशीर मांडणी करणाऱ्या आरंभीच्या लेखकांत त्यांची गणना होते. गांधीजींनी विकत घेतलेले त्यांचे पुस्तक १८८६ मध्ये प्रसिद्ध झाले होते.

या वाचनाने गांधीजींच्या भूमिकेत मूलभूत बदल झाला. तोपर्यंत ते केवळ सत्य व वचन यांसाठी मांस टाळत होते आणि कधीतरी सर्व हिंदी लोकांनी मांस खावे, अशीच त्यांची मनोमन इच्छा होती. सॉल्ट यांच्या पुस्तकानंतर शाकाहार ही त्यांची स्वतःची निवड झाली आणि त्याचा प्रसार हे एक कार्य वाटू लागले. त्यानंतर त्यांनी हॉवर्ड विल्यम्स, डॉ. ॲना किंग्जफर्ड व डॉ. टी. आर. ॲलिन्सन यांचे लेखन वाचले.

या लेखकांची मांडणी चार अंगांनी होती. नैतिक अंगाने, मनुष्य इतर प्राण्यांहून श्रेष्ठ असेल तर त्याने त्यांचे भक्षण नव्हे तर रक्षण केले पाहिजे, असे ते म्हणत. शास्त्रीय अंगाने मनुष्याची शरीररचना फलाहाराला अनुकूल आहे, असा त्यांचा दावा होता. वैद्यकीय अंगाने ते साध्या आहाराचे लाभ सांगत. व्यावहारिक अंगाने शाकाहार हा सर्वांत कमी खर्चाचा आहार आहे, असे ते दाखवत. यांतील शरीररचनेविषयीचा दावा आजचे विज्ञान त्या स्वरूपात मानत नाही; मनुष्य हा मिश्राहारी प्राणी समजला जातो. नैतिक व आर्थिक मुद्दे मात्र आजच्या चर्चेतही टिकून आहेत.

'साहेबी' राहणीचा प्रयोग

शाकाहाराच्या हट्टामुळे आपण इंग्रज समाजात गावंढळ ठरू, ही मित्राची चिंता दूर करण्यासाठी गांधीजींनी दुसऱ्या बाजूने भरपाई करण्याचे ठरवले. याला निमित्त झालेला प्रसंग हॉबर्न रेस्टॉरंटमधील आहे. नाटकाला जाण्यापूर्वी मित्राने त्यांना तेथे जेवायला नेले होते. सूप समोर आल्यावर ते भाज्यांचे आहे का, अशी चौकशी गांधीजींनी वाढप्याकडे केली. मित्र संतापला आणि असे वागायचे असेल तर बाहेर जाऊन थांब, असे म्हणाला. गांधीजी बाहेर पडले. जवळचे शाकाहारी उपाहारगृह बंद असल्याने त्या रात्री ते उपाशी राहिले.

त्यानंतर त्यांनी १९ शिलिंगची उंच टोपी घेतली, बाँड स्ट्रीटवर १० पौंडांचा संध्याकाळचा पोशाख शिवून घेतला आणि भावाकडून सोन्याची दुपदरी साखळी मागवली. नृत्याच्या शिकवणीला ३ पौंड भरले, ३ पौंडांचे व्हायोलिन घेतले, फ्रेंच व वक्तृत्व यांच्या शिकवण्या लावल्या. सुमारे तीन महिन्यांनंतर त्यांना हे व्यर्थ वाटू लागले. आपल्याला इंग्लंडमध्ये जन्म काढायचा नाही, आपण विद्यार्थी आहोत, असा विचार करून त्यांनी शिकवण्या बंद केल्या. कपड्यांविषयीचा नीटनेटकेपणा मात्र पुढे अनेक वर्षे टिकला.

जमाखर्चाची सवय

या उधळपट्टीच्या काळातही गांधीजी पै-पैचा हिशेब लिहीत असत. बसचे भाडे, टपालखर्च, वर्तमानपत्राचे दोन पेनी अशी प्रत्येक बाब त्याच दिवशी नोंदली जाई आणि रात्री निजण्यापूर्वी शिल्लक मेळवली जाई. या वहीमुळेच खर्च कोठे होतो हे त्यांना दिसले आणि तो निम्मा करण्याचा निर्णय घेता आला. पुढे सार्वजनिक कामाचे लाखो रुपये हाताळताना चळवळीवर कर्ज न होता शिल्लकच राहिली, याचे श्रेय त्यांनी या सवयीला दिले आहे.

काटकसर टप्प्याटप्प्याने झाली. प्रथम त्यांनी कुटुंबात राहणे सोडून स्वतंत्र दोन खोल्या घेतल्या. कुटुंबात राहताना शिष्टाचार म्हणून घरच्यांना बाहेर न्यावे लागे, त्यांचा प्रवासखर्च करावा लागे आणि जेवणास अनुपस्थित राहिले तरी पैसे कापले जात नसत. हा सर्व खर्च वाचला. कामाच्या ठिकाणी अर्ध्या तासात पायी पोहोचता येईल अशी जागा त्यांनी निवडली. त्यामुळे वाहनाचे भाडे वाचले आणि रोज आठ-दहा मैलांचे चालणेही होऊ लागले. आजारपणापासून आपण दूर राहिलो ते या चालण्यामुळे, असे त्यांचे मत होते.

नंतर आपल्याहून पुष्कळ गरीब असे विद्यार्थी लंडनमध्ये असल्याचे त्यांना समजले. त्यांतील एक जण गरीब वस्तीत आठवड्याला दोन शिलिंग भाड्याच्या खोलीत राही आणि लॉकहार्टच्या स्वस्त कोको-गृहात दोन पेनीचा कोको व पाव यांवर एका वेळचे जेवण भागवी. हे कळल्यावर गांधीजींनी दोनऐवजी एकच खोली घेतली, एक शेगडी आणली आणि सकाळची न्याहारी स्वतः शिजवण्यास प्रारंभ केला. ओटची लापशी व कोकोसाठी पाणी उकळणे याला जेमतेम वीस मिनिटे लागत. दुपारचे जेवण ते बाहेर घेत आणि रात्री खोलीवर पाव व कोको घेत. अशा रीतीने त्यांचे एका दिवसाचे खाणे एक शिलिंग तीन पेनीत होऊ लागले.

त्या काळच्या चलनात १२ पेनींचा एक शिलिंग व २० शिलिंगांचा एक पौंड होत असे. त्या हिशेबाने रोजचा खर्च १५ पेनी, तर ३० दिवसांचा १ पौंड १७ शिलिंग ६ पेनी होतो. बाँड स्ट्रीटवरील १० पौंडांच्या पोशाखाच्या किमतीत याच दराने १६० दिवसांचे खाणे झाले असते.

हा त्यांच्या कडक अभ्यासाचाही काळ होता. बॅरिस्टरीबरोबरच ते लंडन विद्यापीठाच्या मॅट्रिक्युलेशन परीक्षेची तयारी करत होते. लॅटिनमध्ये एकदा अनुत्तीर्ण होऊन नंतर ते उत्तीर्ण झाले. साध्या राहणीने आयुष्य नीरस झाले नाही; उलट आतली व बाहेरची राहणी जुळून आली आणि कुटुंबाच्या ऐपतीशी आपले वागणे सुसंगत झाले, असे त्यांनी नमूद केले आहे. पुढे दक्षिण आफ्रिकेत असताना त्यांनी हिंदी विद्यार्थ्यांसाठी लंडनविषयक एक मार्गदर्शिका लिहिली. तीत आठवड्याला एक पौंडात कसे राहता येईल याचे तपशील आहेत. ती त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाली नाही.

आहारातील प्रयोग

खर्च कमी करताना आहारातही बदल होत गेले. घरून मागवलेले मसाले व मिठाई त्यांनी बंद केली. चहा व कॉफी सोडून ते कोको घेऊ लागले. रिचमंडला मसाल्याविना बेचव लागणारा उकडलेला पालक आता त्यांना रुचकर लागू लागला. चवीचे खरे स्थान जीभ नसून मन आहे, हा निष्कर्ष त्यांनी यावरून काढला. काही काळ पिष्टमय पदार्थ वर्ज्य करून पाहिले, काही काळ केवळ पाव व फळे, तर काही काळ केवळ चीज, दूध व अंडी यांवर ते राहिले.

अंड्यांचा प्रयोग पंधरवडाही टिकला नाही. अंडे म्हणजे मांस नव्हे आणि ते खाल्ल्याने जिवंत प्राण्याला इजा होत नाही, असा एका आहारसुधारकाचा युक्तिवाद त्यांना पटला होता. इंग्लंडमध्ये मांसाच्या तीन व्याख्या प्रचलित होत्या. पहिलीनुसार केवळ पशुपक्ष्यांचे मांस वर्ज्य होते, मासे चालत. दुसरीनुसार सर्व प्राण्यांचे मांस वर्ज्य होते, परंतु अंडी चालत. तिसरीनुसार अंडी व दूधही वर्ज्य होते. पहिली व्याख्या धरली असती तर मासेसुद्धा खाता आले असते. परंतु वचन घेणाऱ्या आईच्या मनात जो अर्थ होता तोच आपल्यावर बंधनकारक आहे, असे त्यांनी ठरवले आणि अंडी सोडली. त्यामुळे शाकाहारी उपाहारगृहांतही केक व पुडिंगमध्ये अंडे आहे का याची चौकशी करावी लागे आणि अनेक पदार्थ टाळावे लागत. बलिष्ठ पक्षाने आपल्या सोयीचा अर्थ लावू नये, हे तत्त्व पुढे वकिली व राजकारणात त्यांनी वारंवार मांडले.

इनर टेंपलमध्ये बॅरिस्टरीसाठी 'टर्म' भरताना ठरावीक वेळा सामुदायिक भोजनास उपस्थित राहावे लागे. त्या जेवणातील पाव, उकडलेले बटाटे व कोबी एवढेच ते आरंभी खात. पुढे एका पारशी विद्यार्थ्यासह त्यांनी शाकाहारी भोजनासाठी अर्ज केला आणि तो मान्य झाला. चौघांच्या टेबलावर मद्याच्या दोन बाटल्या दिल्या जात. गांधीजी पीत नसल्याने आपल्या चौकडीत त्यांना घेण्यासाठी इतर विद्यार्थी उत्सुक असत.

शाकाहारी चळवळीतील सहभाग

१८९० मध्ये गांधीजी लंडन व्हेजिटेरियन सोसायटीच्या कार्यकारी समितीवर निवडले गेले. 'द व्हेजिटेरियन'चे संपादक डॉ. जोशिया ओल्डफील्ड यांच्याशी त्यांची मैत्री झाली. बेजवॉटर भागात त्यांनी एक शाकाहारी मंडळ स्थापन केले. ओल्डफील्ड त्याचे अध्यक्ष, सर एडविन अर्नोल्ड उपाध्यक्ष आणि गांधीजी चिटणीस होते. हे मंडळ काही महिनेच चालले, परंतु संस्था चालवण्याचा पहिला अनुभव त्यांना येथे मिळाला.

१८९१ मध्ये समितीत डॉ. ॲलिन्सन यांच्यावरून वाद झाला. ॲलिन्सन संततिनियमनाचा पुरस्कार करत. हे अनैतिक असल्याने त्यांना संस्थेतून काढावे, असा प्रस्ताव अध्यक्ष अर्नोल्ड हिल्स यांच्या बाजूने आला. संततिनियमनाविषयी गांधीजींचे मत हिल्स यांच्याशी जुळणारे होते. तथापि, शाकाहाराचा प्रसार एवढाच संस्थेचा हेतू असताना नीतीविषयीच्या अन्य मतभेदांवरून सभासदाला काढणे अन्यायाचे आहे, असे त्यांनी लिहून मांडले. उभे राहून ते वाचण्याचे धैर्य मात्र त्यांना झाले नाही. दुसऱ्याने ते वाचून दाखवले. ॲलिन्सन यांचा पक्ष हरला.

फेब्रुवारी व मार्च १८९१ मध्ये 'द व्हेजिटेरियन'मध्ये 'इंडियन व्हेजिटेरियन्स' ही त्यांची सहा लेखांची मालिका आली. हे त्यांचे पहिले प्रकाशित लेखन होय. सर्व हिंदी लोक शाकाहारी नाहीत हे त्यांनी तीत स्पष्ट केले. हिंदी माणसाच्या दुर्बलतेचे कारण शाकाहार नसून बालविवाहासारख्या रूढी आहेत, असे सांगताना त्यांनी गुराख्यांच्या धडधाकट प्रकृतीचे उदाहरण दिले. भाकरी व मीठ यांवर जगणाऱ्या गरिबांचा आणि मिठावरील जबर कराचा उल्लेखही या मालिकेत आहे. स्वेच्छेने स्वीकारलेली काटकसर आणि लादलेले दारिद्र्य यांतील भेद त्यांच्या लेखनात येथूनच दिसतो. याच मिठावरील कराविरुद्ध १९३० मध्ये त्यांनी दांडीयात्रा काढली.

१० जून १८९१ रोजी ते बॅरिस्टर झाले आणि १२ जूनला मायदेशी निघाले. निघण्यापूर्वी त्यांनी शाकाहारी मित्रांना निरोपाचे भोजन दिले. त्यासाठी त्यांनी हॉबर्न रेस्टॉरंटचीच निवड केली आणि एरवी मांसाहारी असलेल्या त्या ठिकाणी संपूर्ण शाकाहारी जेवण करवून घेतले.

मर्यादा व नंतरचे अनुभव

आहाराच्या निष्ठेपायी गांधीजींना एकदा मोठे आर्थिक नुकसान सोसावे लागले. जोहान्सबर्ग येथे एका बाईंना शाकाहारी उपाहारगृह वाढवण्यासाठी भांडवल हवे होते. गांधीजींनी आपल्याकडे ठेव असलेले एका अशिलाचे सुमारे एक हजार पौंड, त्याच्या संमतीने, त्यांना दिले. रक्कम परत आली नाही आणि ती त्यांना स्वतः भरून द्यावी लागली. हेतू कितीही चांगला असला तरी विश्वासाने सोपवलेला पैसा सुधारणेच्या कामात गुंतवू नये, असा धडा त्यांनी यातून घेतला.

आरोग्याच्या बाजूनेही मर्यादा दिसल्या. १९१२ मध्ये त्यांनी दूध सोडले. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यातील कामाच्या वेळी ते आमांशाने गंभीर आजारी पडले आणि प्रकृती सुधारेना. अखेर त्यांनी शेळीचे दूध घेण्यास आरंभ केला. प्रतिज्ञेचा शब्द पाळला, पण तिचा आत्मा राखला नाही, अशी खंत त्यांनी व्यक्त केली आहे. ब १२ हे जीवनसत्त्व १९४८ मध्ये वेगळे काढण्यात आले. ते वनस्पतिजन्य अन्नातून भरवशाने मिळत नसल्याने दूधही न घेणाऱ्यांना ते पूरक स्वरूपात घ्यावे लागते, ही माहिती गांधीजींच्या प्रयोगकाळी उपलब्ध नव्हती. त्यामुळे पाव व कोको यांवर आधारलेला त्यांचा विद्यार्थिदशेतील आहार आजच्या दृष्टीने अनुकरणीय मानता येत नाही. स्वस्त व पोषक शाकाहारासाठी धान्यासोबत डाळी व कडधान्ये, पालेभाज्या आणि दूध यांची जोड आवश्यक ठरते.

महाराष्ट्रातील पुढील प्रयोग

स्वस्त व पोषक आहाराचा शोध गांधीजींनी पुढे वर्धा येथे चालू ठेवला. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व मगनवाडी हे त्याचे केंद्र बनले. तेथे हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, गूळ, कच्च्या पालेभाज्या व सोयाबीन यांचा आहारातील उपयोग तपासण्यात आला. लंडनमध्ये हा प्रश्न एका विद्यार्थ्याच्या खर्चापुरता होता. वर्ध्यात तो खेड्यातील गरिबाच्या ताटाशी जोडला गेला. १९३६ पासून सेवाग्राम आश्रमातील सामुदायिक स्वयंपाकघरातही साधा, अल्प मसाल्याचा आहार असे. आत्मकथेचा मराठी अनुवाद सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन यांनी केला असून, लंडनमधील प्रयोग मराठी वाचकांना त्यातून परिचित झाले.

मूल्यमापन

गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले असता २० नोव्हेंबर १९३१ रोजी गांधीजींनी लंडन व्हेजिटेरियन सोसायटीपुढे भाषण केले. वृद्ध हेन्री सॉल्ट त्या सभेस उपस्थित होते. केवळ आरोग्यासाठी शाकाहार स्वीकारणारे बहुतेक जण पुढे तो सोडून देतात, त्यामुळे त्याचा पाया नैतिकच असला पाहिजे, असे गांधीजींनी सांगितले. शाकाहारी लोकांनी मांसाहारी व्यक्तींविषयी सहिष्णु असावे आणि स्वतः मिताहारी असावे, असेही त्यांचे प्रतिपादन होते.

काटकसरीलाही हेच लागू होते. गांधीजींच्या बाबतीत पैशाची बचत हा शाकाहाराचा हेतू नव्हता. ती शाकाहार, स्वयंपाक, चालणे व हिशेब या सवयींच्या एकत्र येण्याने झाली. वेस्ट केन्सिंग्टनमध्ये शाकाहारी असूनही त्यांचा खर्च कमी नव्हता. एका खोलीत शेगडी आल्यावर आणि रोजची वही नीट वाचल्यावरच तो एक शिलिंग तीन पेनीपर्यंत खाली आला.